एक घर, एक जंतू, तीन माणसं: महारोग रक्तातून येतो का?

ताई, तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तुम्ही कंसात टाकली आहे: 'धाकट्या काकांच्या डाव्या पायातली चप्पल हल्ली चालता चालता गळून पडते आणि त्यांना पत्ताच नसतो, वय झालं म्हणतात.' काका ६१ वर्षांचे. वयाने चप्पल गळत नाही. पायाच्या नसेचं काम मंदावलं की गळते. तेव्हा बाकीचं सवडीने वाचा, आधी काकांना याच आठवड्यात दाखवून घ्या. सयाजी हॉस्पिटलचा त्वचारोग विभाग चालेल, जवळचं सरकारी आरोग्य केंद्र चालेल. 'कुष्ठरोगाचा माझा कोर्स केव्हाच झालाय' म्हणून ते टाळतील. टाळू देऊ नका. नस बिघडून सहा महिने व्हायच्या आत उपचार सुरू झाले तर गेलेलं काम परत येण्याची चांगली आशा असते, पुढे ती उतरत जाते. तुमचा मूळ प्रश्न आणि काकांची चप्पल यांचा संबंध आहे, तो खाली येईलच.

तो मूळ प्रश्न इतर वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. बडोद्यात दांडिया बाजाराच्या मागे ताईंचं एकत्र कुटुंब. वडिलांना २००९ मध्ये कुष्ठरोग निघाला: कानाच्या पाळ्या जाड, भुवया विरळ, कातडीच्या तपासणीत जंतू भरपूर. महिन्याला एक अशी औषधाची १२ पाकिटं पूर्ण केली. मधे दोनदा ताप येऊन अंगावर लाल, दुखऱ्या गाठी उठल्या, त्याही बसल्या. डाव्या हाताची दोन बोटं मात्र वाकडी राहिली. २०२३ मध्ये धाकट्या काकांच्या पाठीवर आणि मांडीवर मिळून तीन चट्टे दिसले. जंतू सापडले नाहीत, सहा पाकिटांत काम झालं. आई ४५ वर्षं वडिलांच्या ताटाला ताट लावून जेवली, तिला काही म्हणजे काही नाही. आता ताईंच्या मुलीचं पुण्यात जमत आलंय. मुलाकडचं कुणीतरी 'खाण तशी माती' असं बोललं, आणि एका खाजगी लॅबने लाळेवरून जनुकं तपासून 'रोगाची शक्यता' सांगणारं पॅकेज पुढे केलंय. ताई विचारतात: जंतूचा रोग असेल तर आईला का झाला नाही? रक्ताचा असेल तर मुलीचं काय? आणि ती तपासणी करावी का?

तपासणीचे पैसे वाचवा. मुलीला आजोबांकडून हा रोग आलेला नाही, कारण तो असा येतच नाही. कुणी मूल हा रोग घेऊन जन्माला येत नाही. पण 'मग आईला का नाही' हा प्रश्न साधा नाही. त्यावर दीडशे वर्षं डोकेफोड झाली आहे आणि तिची सुरुवात एका सासऱ्या-जावयाच्या मतभेदातून झाली.

नॉर्वेतल्या बर्गन शहरात एकोणिसाव्या शतकात कुष्ठरोग्यांची मोठी इस्पितळं होती. तिथले बडे डॉक्टर डॅनिएल्सन. त्यांचं ठाम मत असं की हा रोग घराण्यातून येतो. मत उगाच नव्हतं, एकाच कुटुंबातले अनेक रुग्ण ते स्वतः पाहत होते. त्यांच्याच हाताखाली काम करणारा आर्मॉअर हॅन्सन त्यांचा जावई झाला, आणि १८७३ मध्ये रुग्णाच्या गाठीतून काढलेल्या द्रवात त्याने काडीसारखे जंतू पाहिले. पुढे १८८८ मध्ये हॅन्सन अमेरिकेत गेला. नॉर्वेतून तिकडे जाऊन वसलेल्या कुष्ठरुग्णांची मुलंबाळं त्याने शोधून तपासली. त्यांच्यात रोग नव्हता. रक्त तेच, मुलूख बदलला, आणि रोग मागे राहिला. मुलाकडच्यांना सांगायला ही एवढी एक गोष्ट पुरेशी आहे.

तर सासरे हरले, असं आम्ही कॉलेजात शिकलो. पुढे ३३ वर्षं बडोद्यात रुग्ण पाहताना मला वाटू लागलं की त्यांनी पाहिलेलं खरं होतं, लावलेला अर्थ चुकला. एखाद्या घरात हा रोग पुन्हा पुन्हा दिसतो आणि भिंतीला भिंत लागून असलेल्या घरात दिसत नाही, हे मीही पाहिलंय. छोटा उदेपूरकडून येणाऱ्या कुटुंबांत पाहिलंय, इथे शहरातही पाहिलंय.

हे निव्वळ सहवासामुळे होतं की रक्ताच्या नात्यामुळेही, हे वेगळं कसं काढायचं? जुळ्यांवरून. भारतातल्या जुळ्यांवरचा चक्रवर्ती आणि फोगेल यांचा अभ्यास १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. हुबेहूब जुळ्यांच्या ६२ जोड्या होत्या. त्यांपैकी साधारण ६० टक्के जोड्यांत दोघांनाही कुष्ठरोग होता. वेगवेगळ्या चेहऱ्यांच्या, म्हणजे सख्ख्या भावंडांइतकंच साम्य असलेल्या जुळ्यांच्या ४० जोड्या होत्या. त्यांच्यात हे प्रमाण २० टक्के निघालं. दोन्ही गटांतली पोरं एकाच घरात, एकाच चुलीवरचं खाऊन वाढलेली. फरक जनुकांच्या साम्याचा. अशा अभ्यासात एक खोट असते, दोघंही आजारी असलेली जोडी डोळ्यांत लवकर भरते, म्हणून ६० हा आकडा मी जसाच्या तसा धरत नाही. पण ६० आणि २० मधलं अंतर तेवढ्याने मिटत नाही. आणि उलट बाजूही बघा: जनुकं तंतोतंत सारखी असूनही १०० पैकी ४० जोड्यांत एकच आजारी होता. म्हणजे जनुकं ही काही पत्रिका नव्हे.

पुढे बांगलादेशात रुग्णांच्या संपर्कातले हजारो लोक तपासले गेले. तिथेही एकाच घरात राहणं हा एक धोका आणि रक्ताचं नातं हा दुसरा, स्वतंत्र धोका, असं दिसलं. तुमची आई पहिल्यात बसते, दुसऱ्यात नाही. काका दोन्हींत बसतात.

आईने जंतू घेतलाच नसेल असं मात्र समजू नका. बहुधा घेतला असेल. तो ताटातून नाही, नाकावाटे. उपचार न झालेल्या, अंगात भरपूर जंतू असलेल्या माणसाच्या दीर्घ सहवासात हा जंतू श्वासातून पसरतो. पण ज्यांची त्याच्याशी गाठ पडते त्यांपैकी साधारण ९५ टक्के लोकांना रोग होतच नाही. शरीर त्याला परस्पर निकालात काढतं, घरच्यांना काय, त्या माणसालाही कळत नाही. तुमची आई त्या ९५ मधली.

आता दोघा भावांकडे येऊ. मला या रोगात सगळ्यात जास्त रस इथेच वाटतो.

आधी जंतूचं पाहा, कारण कुणालाही वाटेल की वडिलांना जहाल जंतू मिळाला आणि काकांना मवाळ. तसं नाही. या जंतूच्या जनुकांचा संपूर्ण आराखडा २००१ मध्ये वाचला गेला, आणि त्यासाठी वापरलेला जंतू मूळ तमिळनाडूतल्या रुग्णाचा होता. कामाची जनुकं अवघी १६०० च्या आसपास, हजाराहून जास्त मोडकळीला आलेली. इतका परावलंबी की आजवर कुणाला तो प्रयोगशाळेतल्या बशीत वाढवता आलेला नाही. उंदराच्या तळपायात किंवा आर्मडिलो नावाच्या खवल्यांच्या प्राण्यात वाढवावा लागतो. एकाचे दोन व्हायला जवळजवळ दोन आठवडे घेतो. आणि जगात कुठूनही आणा, नमुने एकमेकांशी विलक्षण सारखे. तेव्हा रोगाची इतकी रूपं दिसतात त्याचं कारण जंतूत शोधून उपयोग नाही. ते माणसात आहे.

वडिलांची जी कातडीची तपासणी झाली ती अशी असते. कानाची पाळी चिमटीत घट्ट धरायची. रक्त ओसरून ती पांढरी पडली की पात्याने ५ मिलिमीटर लांब आणि २ मिलिमीटर खोल चीर द्यायची, पातं आडवं करून चिरेच्या आतली कड खरवडायची आणि येणारा गर काचेवर लहानशा वर्तुळात पसरायचा. लाल रंग चढवून, धुऊन, सूक्ष्मदर्शकाखाली धरला की वडिलांसारख्या रुग्णात निळसर पार्श्वभूमीवर लालच लाल काड्या दिसतात, सुट्याही आणि जुडग्यांनीही. पुस्तकं सिगारच्या जुडग्याची उपमा देतात. मला मांडवीतल्या पूजेच्या दुकानातले अगरबत्तीचे मुठे आठवतात. काकांची काच तासभर बघत बसलात तरी त्यावर काही सापडत नाही. जंतू तोच, घर तेच, आई-बाप तेच.

चट्ट्याचा बारीक तुकडा काढून आत पाहिलं की उलगडा होतो. काकांच्या चट्ट्यात पेशींनी गच्च वेढा घातलेला असतो: मधे जंतू गिळणाऱ्या मोठ्या पेशी, त्यांना मॅक्रोफेज म्हणतात, आणि भोवती लिम्फोसाइट पेशींचं कडं. जंतू जवळपास संपलेले. वडिलांच्या तुकड्यातही मॅक्रोफेज आहेत, पण फेसाळ, फुगलेल्या, आणि पोटात जंतूंची वस्ती घेऊन बसलेल्या. गिळलं खरं, पचवलं नाही.

मॅक्रोफेजला पचवायला लावतो तो त्या लिम्फोसाइटपैकी टी पेशींकडून येणारा निरोप. इंटरफेरॉन गॅमा हा त्यातला मुख्य. तो पोचला की मॅक्रोफेज आपला आतला दारूगोळा काढते. दुसऱ्या जातीचे निरोपही असतात, इंटरल्युकिन ४, इंटरल्युकिन १०, जे तिला थंड करतात. १९९१ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दोन्ही प्रकारच्या चट्ट्यांत हे निरोप मोजले: काकांसारख्या चट्ट्यांत पहिल्या जातीचे, वडिलांसारख्या चट्ट्यांत दुसऱ्या जातीचे. वडिलांच्या रक्तात या जंतूविरुद्ध अँटिबॉडी काकांपेक्षा कितीतरी जास्त सापडल्या असत्या. त्या निरुपयोगी, कारण जंतू पेशीच्या आत दडलेला आणि अँटिबॉडी बाहेर फिरणारी.

इथे एक गैरसमज काढून टाकतो, कारण तो तुमच्याही पत्रात आहे. 'बाबांची प्रतिकारशक्ती कमी होती का' असं तुम्ही विचारता. नाही. या प्रकारच्या रुग्णांना इतर संसर्ग चारचौघांइतकेच होतात. त्यांचं शरीर बाकी सगळ्यांशी नीट लढतं, या एकाच जंतूपुढे हात टेकतं. च्यवनप्राशाने किंवा 'इम्युनिटी' वाढवणाऱ्या काढ्याने त्यात फरक पडत नाही. ही नेमकी, एकाच जंतूपुरती शरणागती का, हे मला आजही नवलाचं वाटतं.

वडील आणि काका ही दोन टोकं झाली. १९६६ मध्ये रिडली आणि जॉप्लिंग यांनी या टोकांच्या मधे पायऱ्या आखल्या, पाच प्रकार केले, आणि त्यांचा पाया जंतू नव्हे तर माणसाची प्रतिक्रिया हा ठेवला. नेमकं बोलायचं तर काका अगदी टोकाला नाहीत, बहुधा मधल्या पायऱ्यांपैकी वरच्या, म्हणजे जास्त प्रतिकाराच्या, एकीवर आहेत. मधल्या पायऱ्यांवरची माणसं हलतात, घसरतात, चढतात. हे लक्षात ठेवा, काकांच्या पायाशी परत येताना लागेल.

मग जनुकांनी काय ठरतं? दोन गोष्टी, आणि त्या वेगळ्या ठेवायला हव्यात. एक, रोग होणार की नाही. दोन, झाला तर कोणत्या टोकाचा.

सगळ्यात जुना आणि टिकलेला धागा एचएलए या रेणूंचा. जंतूचा तुकडा टी पेशीपुढे धरून दाखवणारी ही चिमटी समजा. घराण्यागणिक चिमटीचा आकार थोडा वेगळा. काही आकारांत या जंतूचा तुकडा नीट बसत असावा, काहींत नाही. डीआर २ गटातली, आता डीआरबी १ १५ म्हणतात ती चिमटी भारतीय रुग्णांत पुन्हा पुन्हा जास्त सापडली. आणि २०१८ मध्ये डेन्मार्कच्या ओडेन्स इथल्या मध्ययुगीन कुष्ठरुग्णांच्या दफनभूमीतल्या हाडांमधून डीएनए काढला, तर तिथेही हाच धागा हाती आला. कित्येक शतकं मेलेली युरोपातली माणसं आणि आपले रुग्ण, चिमटी एकाच गटातली.

बाकीचे धागे इतके सरळ नाहीत. २००१ मध्ये दक्षिण भारतातल्या कुटुंबांच्या अभ्यासात दहाव्या गुणसूत्रावरची एक जागा पुढे आली, तीही कमी जंतूंच्या प्रकारापुरती. २००४ मध्ये व्हिएतनामी कुटुंबांत सहाव्या गुणसूत्रावरच्या पार्किन जनुकाच्या शेजारचे बदल सापडले. मोठी बातमी झाली. तेच बदल भारतीय रुग्णांत तपासले तेव्हा तसा ठळक संबंध दिसला नाही. २००९ मध्ये चीनमधल्या रुग्णांची संपूर्ण जनुकसंपदा चाळली आणि नॉड २ व त्याच्या कामाशी जोडलेली जनुकं वर आली, जी पेशीच्या आत शिरलेल्या जंतूची चाहूल घेतात. गंमत म्हणजे यांतली काही जनुकं आतड्याच्या क्रोन नावाच्या आजारातही सापडतात, ज्याचा कुष्ठरोगाशी वरवर काहीच संबंध नाही.

मला सगळ्यात आवडतं ते टीएलआर १. पेशीच्या दारावरचा हा पहारेकरी. जंतूचं आवरण ओळखून आत वर्दी देतो. युरोपीय लोकांत त्याचा एक बहिरा प्रकार सर्रास आढळतो, आपल्याकडे विरळा. वाटेल की बहिरा पहारेकरी असलेल्या घरात चोरी जास्त होईल. झालं उलटं. दिल्ली आणि कोलकात्याच्या रुग्णांवरचा अभ्यास २०१० मध्ये आला, त्यात हा बहिरेपणा कुष्ठरोगापासून राखणारा निघाला. वर्दी कमी, आरडाओरडा कमी, आणि जंतूला ज्या गोंधळात शिरायचं तो गोंधळच कमी, असा त्याचा अर्थ लावतात. 'प्रतिकार जितका जास्त तितका चांगला' हे गणित या रोगात चालत नाही, एवढं यातून नक्की कळतं.

आता ते लाळेचं पॅकेज. भारतात दर वर्षी सुमारे एक लाख नवे रुग्ण सापडतात, जगातल्या निम्म्याहून जास्त. मोठा आकडा, पण लोकसंख्येने भागलं तर वर्षाला लाखात सात-आठ. समजा तुमच्या मुलीत एखादं जनुक असं निघालं की ज्याने शक्यता दुप्पट होते. लाखात पंधरा झाले. म्हणजे तसं जनुक असलेल्या लाखातल्या ९९,९८५ जणांना त्या वर्षी काहीच होणार नाही. शिवाय ती डीआरबी १ १५ चिमटी आपल्या लोकांत इतकी सर्रास आहे की वराकडच्या मंडळींची लाळ तपासली तर त्यांच्यातही कुणाकडे तरी निघेल. अशा अहवालावर लाल रंगात 'हाय रिस्क' छापलेलं असतं आणि तो कागद मोबाईलवरून बडोदा ते पुणे कितीही वेळा फिरतो. एका कुटुंबाने असा कागद माझ्यापुढे ठेवला होता. त्याचं काय करायचं असं त्यांनी विचारलं, तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या कागदावरून करण्यासारखं काही नव्हतंच.

जनुकांचा खरा उपयोग मला पडतो तो रोगाच्या नव्हे, गोळीच्या बाबतीत. पाकिटातली रोजची डॅप्सोन ही गोळी. ज्यांच्या लाल पेशींत जी-६-पीडी हे एन्झाइम जन्मतः कमी असतं त्यांच्यात ती रक्तपेशी फोडते, आणि गुजरातेत काही समाजांत आणि आदिवासी पट्ट्यात ही कमतरता बऱ्यापैकी आहे. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत एक तरुण दुसऱ्याच आठवड्यात धापा टाकत आला, डोळे पिवळे, लघवी काळ्या चहासारखी. त्याच्या मामाला मलेरियाच्या गोळ्यांनी असंच झालं होतं. मी विचारलंच नव्हतं. आता पाकीट हातात द्यायच्या आधी विचारतो. दुसरं, गोळी सुरू झाल्यावर चार ते सहा आठवड्यांत ताप, अंगभर पुरळ, कावीळ असा जीवघेणा दंगा काहींच्यात होतो. २०१३ मध्ये चीनमधून कळलं की त्यामागे बहुतांशी एचएलए बी १३:०१ हा प्रकार असतो, आणि तो भारतीयांतही असतो. ही तपासणी आधी झाली तर जीव वाचतो, कारण गोळी बदलता येते.

परत काकांकडे. या जंतूला थंड जागा आवडतात, कातडी, कानाची पाळी, आणि कातडीजवळून जाणाऱ्या नसा. नसेच्या तंतूंभोवती 'श्वान' (Schwann) नावाच्या पेशींचं वेष्टण असतं. जंतूच्या आवरणावरचा एक मेदयुक्त पदार्थ नेमका त्याच वेष्टणाला चिकटतो आणि जंतू आत घर करतो. वर्षानुवर्षं शांतपणे. मग कधीतरी शरीराला तो दिसतो. मधल्या पायरीवरचा माणूस एक पायरी वर चढतो, त्याचा प्रतिकार सुधारतो, आणि हीच सुधारणा नसेच्या आत मारामारी सुरू करते. नस सुजते, तिच्या आवरणात तिला फुगायला जागा नसते, आणि ती आतल्या आत चिरडली जाते. याला आम्ही पहिल्या प्रकारची रिअ‍ॅक्शन म्हणतो. औषध चालू असताना येते, संपल्यावर दोन-तीन वर्षांतही येते, कारण मेलेल्या जंतूंचे तुकडे मागे उरतात आणि शरीर त्यांच्यावरही तुटून पडतं. रोग उलटलाय असं नसतं. चट्टे लाल होऊन सुजले तर लोक निदान घाबरून येतात. पण कधी कधी चट्टे शांत राहतात आणि नस दुखल्याशिवाय, गुपचूप जाते. काकांचं तसं असू शकतं.

वडिलांना झालं ते दुसऱ्या प्रकारचं: भरपूर जंतू, भरपूर अँटिबॉडी, ताप आणि गाठी. भाऊ दोन, टोकं दोन, रिअ‍ॅक्शनही दोन तऱ्हेच्या.

माझी एक चूक इथे सांगायलाच हवी. बऱ्याच वर्षांपूर्वी एका सुताराचा गुडघ्याखाली पाय दुखत होता; औषध चालूच होतं. मी दुखण्याची गोळी देऊन आठ दिवसांनी बोलावलं. तो हंगामाच्या कामामुळे दोन महिन्यांनी आला, पाऊल लोंबकळत. त्या पहिल्या दिवशी गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, हाडाच्या मानेवरून जाणारी नस बोटाखाली घेतली असती तर ती जाड आणि हुळहुळी लागली असती. प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या गोळ्या तेव्हाच सुरू करायच्या, मोठ्या मात्रेने, मग महिनोन्महिने उतरवत न्यायच्या. काकांना डॉक्टर तेच देण्याची शक्यता आहे. 'स्टेरॉइड नको' म्हणून घरात वाद घालू नका. मधुमेह असेल तर तेवढं आधी सांगा.

घरातल्या बाकीच्यांचं म्हणाल, तर सगळ्यांनी एकदा कपडे उतरवून, दिवसाच्या उजेडात अंग तपासून घ्यायचं. पाठ आणि मांड्यांची मागची बाजू हटकून राहते, काकांचे चट्टेही तिथेच होते. फिकट किंवा लालसर, न खाजणारा, स्पर्श कमी झालेला चट्टा. जाड झालेली कानाची पाळी. कोपराच्या आतल्या खाचेत दोरीसारखी लागणारी नस. तुमची मुलगी आजोबांच्या आजारपणात याच घरात वाढली, तेव्हा तिलाही एकदा दाखवा. रोग पोटात पाच वर्षं, कधी वीस वर्षंही मुरतो म्हणून, लग्नासाठी नव्हे. घरात नवा रुग्ण निघाला की संपर्कातल्या निरोगी माणसांना रोग होऊ नये म्हणून रिफॅम्पिसिन या औषधाचा एकच डोस देतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये त्याची शिफारस केली. काकांच्या वेळी तुम्हाला तो मिळाला होता का, ते केंद्रावर विचारा.

मुलाकडच्यांना आजोबांची वाकडी बोटं दिसणार. आपल्या मराठी घरांत आनंदवन, दत्तपूर या कुष्ठधामांची नावं लहानपणापासून ऐकलेली, त्यामुळे वाकडं बोट म्हणजे चालू रोग असं डोक्यात पक्कं बसलंय. बोटं वाकडी आहेत ती कोपराजवळच्या नसेचं तेव्हा नुकसान झालं म्हणून. रोग २०१० मध्येच संपला, आणि संसर्ग तर औषधाच्या पहिल्या काही डोसांनंतरच थांबला. शब्दांनीही घोळ होतो. इथे दवाखान्याच्या पाटीवर गुजरातीत 'रक्तपित्त' लिहिलेलं असतं, आपल्या जुन्या बायका 'रक्तपिती' म्हणायच्या, आणि ऐकणाऱ्याला वाटतं रक्तातच काही आहे. हवं तर मुलाकडच्यांना हेही सांगा की हा रोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून कायद्यात होतं, ते २०१९ मध्ये काढून टाकलं. लपवू मात्र नका. लपवलेलं नंतर कळलं की लोक रोगाला नाही, लपवण्याला धरून बसतात.

आज संध्याकाळी एक करा. काकांना पलंगावर पाय पसरून बसवा, डोळे मिटायला सांगा, आणि बॉलपेनचं टोक तळपायाला अलगद टेकवत जा: टाच, बाहेरची कड, बोटांमागचा उंचवटा, अंगठा. जिथे टेकवाल तिथे त्यांनी बोट ठेवायचं. आधी उजवा पाय, मग डावा. मग दोन्ही पावलं वर उचलायला सांगून तुमच्या हाताने दाबून बघा, डावं लवकर दबतं का. ज्या जागी ते बोट ठेवणार नाहीत तिथे त्याच पेनाने गोल करा, आणि तो गोल धुऊन जायच्या आत त्यांना दाखवायला न्या.